वाकता येतं, पेलता येत नाही

सुगंधा मेस्त्रीला बसता येईनासं झालं, हे तिने सुरुवातीचे काही महिने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? दुखत होतं ते अशा जागी, की बोट ठेवून दाखवायचीही पंचाईत. बसल्यावर ज्या हाडावर अंगाचा सगळा भार येतो, त्या उजव्या बाजूच्या हाडापाशी, मांडीचा मागचा स्नायू जिथून सुरू होतो तिथे, आत कुणी खडा ठेवल्यासारखं टोचायचं. आणि सुगंधा पडली योग शिकवणारी. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी तिचा बायकांचा वर्ग भरायचा. योगाच्या बाईंनाच मांडी घालून बसवत नाही, हे बाहेर गेलं तर काय होईल, या विचारानेच तिचं डोकं फिरायचं.

वाकणं ही तिची लहानपणापासूनची ओळख. वडील मालवणहून आलेले गिरणी कामगार, घर विक्रोळीला कन्नमवार नगरात. पाहुणे आले की आई चहा टाकायची आणि वडील म्हणायचे, सुगंधा, जरा कमान करून दाखव गो. मग ही फ्रॉक सावरून मागे वाकायची आणि टाचा धरायची. शाळेत योगासनांची ढाल हिचीच. अभ्यासात बेताची, दिसायला चारचौघींसारखी, पण वाकायला लागली की माणसं बोलायची थांबत. लग्न झालं ते चंद्रप्रकाशशी, तोही कणकवलीकडचाच, विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. सुगंधा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायची. ती कंपनी मुंबईबाहेर गेली तेव्हा घरी बसून करणार काय, म्हणून तिने योगशिक्षिकेचा कोर्स केला आणि वर्ग सुरू केला. वर्ग चालला. बायका तिचं पश्चिमोत्तानासन बघायच्या. पाय समोर सरळ, पोट मांड्यांवर, कपाळ पार नडगीवर, जसं काही कुणी चादर घडी करून ठेवली. आपल्याला हे या जन्मी जमणार नाही, हे माहीत असूनही बघायला बरं वाटायचं.

आणि या वर्गात तिचं एक ठरलेलं भाषण होतं. कुणाची मुलगी जिमला जायला लागली, कुणाच्या सुनेने डंबेल्स आणले, की सुगंधा सांगायची की वजनं उचलून अंग बांधलं जातं. ती जिमवाली पोरं बघा, काखेत कलिंगडं धरल्यासारखी चालतात, पाठ खाजवायला दुसरा माणूस लागतो. बायका हसायच्या. हे भाषण तिने इतक्यांदा दिलं होतं की ते खरं आहे का, असा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

दुखायला लागल्यावर तिने तेच केलं जे कुठल्याही दुखण्यावर ती इतरांना सांगायची. ताण दिला. सकाळी वर्गात वाकायचं ते होतंच, वर संध्याकाळी घरी खिडकीच्या कठड्यावर पाय टाकून पुन्हा वाकायचं. वाकलं की तेवढ्यापुरतं मोकळं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपटीने दुखायचं. मग ती आणखी वाकायची. विक्रोळीहून मुलुंडला रिक्षाने जाताना हायवेवरचा प्रत्येक खड्डा तिला त्या एका जागी लागायचा, म्हणून ती एका कुल्ल्यावर कलून बसायची. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, मॅडम, सीट खराब आहे का? तिने हो म्हणून टाकलं.

शेवटी वर्गातल्या एकीने हेरलंच. मृणालिनीताई. विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, वर्गात सगळ्यांत जुन्या आणि वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांना स्वतःला खाली वाकून गुडघ्याच्या खाली हात नेता येत नव्हता, जमिनीवर बसल्या तर उठायला खुर्ची लागायची, पण दुसऱ्याच्या शरीराबद्दल त्यांना सगळं कळायचं. सुगंधा हल्ली उभ्यानेच शिकवतेय, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग काय, जिला तोंड होतं तिने उपाय सांगितला. एकीच्या मते नस दबली होती. दुसरीच्या मते वात. तिसरीच्या ओळखीचा ठाण्याचा एक माणूस होता, जो नुसता अंगठा दाबून बरं करायचा. घरी चंद्रप्रकाशने कापूर घातलेलं खोबरेल गरम करून ठेवलं. तिने सगळं केलं. अंगठेवाल्याकडेही जाऊन आली आणि पुढचे चार दिवस तिला धड आडवंही होता येईना.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. आराम करा, म्हणाले. सुगंधाने विचारलं, बसून की झोपून? डॉक्टरांना तो विनोद वाटला.

त्यांनीच घाटकोपरच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. गंधाली, तिशीची पोरगी. तिने सुगंधाला वाकायला सांगितलं आणि सुगंधा अख्खी घडी झाली. गंधालीने मान डोलावली, पण तारीफ केली नाही. मग तिला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, डावा पाय हवेत, आणि एकट्या उजव्या पायावर कंबर उचलून धरायला सांगितली. सुगंधाने उचलली. क्षणभरात मांडी थरथरायला लागली आणि कंबर धप्पकन खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ढाल मिळवलेल्या बाईला कॉटवर घाम फुटला.

"ताई, तुम्हाला वाकता येतं, पेलता येत नाही," गंधाली म्हणाली. "दोर भरपूर लांब आहे, पण त्याला पीळच नाही. तुम्ही रोज टोकापर्यंत वाकून त्या स्नायूचं मूळ हाडावर दाबताय आणि वर ओढताय. ते कुरकुरणार नाही तर काय करेल? काही दिवस ताण देणं पूर्ण बंद. आणि वजन उचलायचं."

सुगंधाने तिला विचारलं की मी काय करते ते तुला माहीत आहे ना. गंधाली म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच सांगतेय. वजनाने अंग आखडतं हे मी स्वतः बायकांना शिकवते, सुगंधा म्हणाली. गंधालीने शांतपणे सांगितलं की ते चुकीचं आहे. त्या शांतपणाचाच सुगंधाला जास्त राग आला. बाहेर पडताना तिने पुढची वेळ घेतली नाही. घरी येऊन चंद्रप्रकाशला म्हणाली, कालची पोरगी मला शिकवते. चंद्रप्रकाश टीव्ही बघत होता. तो म्हणाला, "मगे तू शिक." त्यावर त्या दिवशी घरात जेवण थंड वाढलं गेलं.

तिचं मत बदललं ते एसटीत. गणपतीला गावी जायचं होतं, जादा गाडीचं आरक्षण केलेलं, सकाळी लवकर निघालेली बस. पनवेल येईपर्यंत सुगंधा कशीबशी बसली, मग उठून दांडा धरून उभी राहिली. रिकामी सीट आणि शेजारी उभी असलेली बाई, हे दृश्य एसटीत कुणालाच बघवत नाही. आधी मागच्या काकांनी सांगितलं, ताई, बसा ना. मग समोरच्या बाईने. मग कंडक्टरने येऊन विचारलं की सीट नंबर चुकलाय का. पेणला चढलेल्या एका भल्या माणसाने तिला स्वतःची जागा देऊ केली, तिची रिकामी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तिने प्रत्येकाला हसून नको म्हटलं. माणगाव गेलं तेव्हा चंद्रप्रकाशने हळूच तिचा पदर ओढला. "बस गो. लोक बघतत."

"माझ्या कुल्ल्याच्या हाडात दुखता, म्हणून नाय बसत," सुगंधा म्हणाली. "आता सगळ्यांका समाजला? झाला समाधान?"

मग कंडक्टर पुढे जाऊन तिकिटं मोजायला लागला. महाडपर्यंत कुणी तिला बसायला सांगितलं नाही. गावाला आरतीला ती उभी राहिली, जेवायला ओट्याला टेकून उभी राहिली, आणि मोठी जाऊ सगळ्यांना सांगत होती की मुंबईच्या बायकांना हल्ली जमिनीवर बसायची लाज वाटते. परत आल्याबरोबर सुगंधाने गंधालीला फोन केला.

घराजवळच एका बेकरीच्या वर जिम होती. चालवणारा प्रीतम नावाचा, मान आणि खांदे एकच असलेला माणूस, म्हणजे सुगंधाच्या भाषणातला नमुनाच. त्याने तिला बघितलं आणि गुलाबी रंगाचे दोन छोटे डंबेल्स हातात दिले. म्हणाला, आंटी, आपण हलकं हलकं टोनिंग करूया. सुगंधाने ते परत ठेवले आणि सांगितलं, मला लोखंडी दांडा घेऊन कंबरेतून वाकायचं आहे, आणि मी तुझी आंटी नाही.

व्यायाम दिसायला सोपा होता. दांडा दोन्ही हातांत धरायचा, गुडघे किंचित सैल, कंबर मागे ढकलत सावकाश खाली जायचं आणि त्याच वाटेने वर यायचं. गंधालीने बजावलं होतं, सुरुवातीला फक्त गुडघ्यापर्यंत, दुखणं कमी झालं की हळूहळू पूर्ण खाली. पण सुगंधाला अर्ध्यात थांबणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. ती वाकली की सरळ तळाला जायची. रिकामा दांडा तिने पहिल्याच झटक्यात पावलांवर टेकवला आणि प्रीतमकडे बघितलं, की बघ. प्रीतमने कपाळाला हात लावला.

"तुम्ही लटकताय, ताई," तो म्हणाला. "धरून ठेवा ना. खाली जाताना ब्रेक लावा."

हे ब्रेक लावणं तिला अनेक आठवडे कळलं नाही. मागे हिंदी गाणी धडधडतायत, शेजारी कुणी पोरगा आरशात स्वतःचे दंड बघतोय, आणि ही बाई लेगिंग्जवर कुर्ता घालून हळू खाली जायला शिकतेय. आयुष्यभर ज्या हालचालीसाठी टाळ्या मिळाल्या, तीच हालचाल आता चूक ठरत होती. त्यात पहिल्या खेपेनंतर दोन दिवस तिच्या मांड्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. वाकून बघितलं तर हात घोट्यापाशीच अडला. झालं. सुगंधा तणतणत घाटकोपरला गेली. बघ, आखडले की नाही?

गंधालीने तिला समजावलं की नवीन कामाने स्नायू दुखतो तेव्हा थोडे दिवस तो जखडतो, पण ते टिकत नाही. कायमचं आखडायला काय लागतं, तेही तिने सांगितलं. वजन उचलायचं पण निम्मीच हालचाल करायची, कोपर कधी पूर्ण सरळ करायचं नाही, पूर्ण खाली कधी जायचंच नाही. मग शरीर तेवढ्याच अंतराची सवय लावून घेतं. पण पूर्ण हालचालीतून, सावकाश, ताबा ठेवून वजन उचललं तर लवचिकपणा कमी होत नाही, उलट वाढतो. ताण देणाऱ्यांचा वाढतो साधारण तेवढाच, असं अभ्यासांत दिसलंय. सुगंधाने विचारलं, मग इतकी वर्षं सगळे म्हणतात ते? गंधाली म्हणाली, तुम्हीही म्हणत होतात ना. सुगंधा गप्प बसली, म्हणजे उभीच राहिली.

हे सगळं ती लपूनछपून करत होती, पण विक्रोळीत काय लपतं. वर्गातल्या एकीची बहीण त्याच बेकरीत पाव घ्यायला आली आणि जिन्यावरून घामाघूम उतरणारी योगाची बाई तिला दिसली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सुगंधा शिरली तेव्हा ओंकारसुद्धा सुरू व्हायच्या आधी सगळ्या गप्प होत्या. मृणालिनीताईंनीच विषय काढला. अगं, इतकी वर्षं आम्हाला सांगितलंस वजनं वाईट, आणि स्वतः जातेस? सुगंधाने खरं ते सांगितलं. कुठे दुखत होतं, का दुखत होतं, आणि आपण जे सांगत होतो ते चुकीचं होतं. तिला वाटलं, एवढं स्पष्ट सांगितल्यावर संपेल. पण बायकांना दुखणं नको होतं आणि चूकही नको होती, त्यांना ती चादरीसारखी घडी होणारी बाई हवी होती. पुढच्या महिन्यात तिघी-चौघी दुसऱ्या वर्गाला गेल्या. ज्या राहिल्या त्या तिच्या दंडाकडे निरखून बघायच्या. घरी चंद्रप्रकाश विचारायचा, "तू आता पैलवान होतलंस काय?" आणि स्वतःच हसायचा. रोज तोच विनोद. एकदा तिने त्याला पीठ भरलेला मोठा डबा माळ्यावर चढवायला सांगितलं. त्याला तो खांद्याच्या वर नेता येईना. तिने नेला. तेव्हापासून विनोद कमी झाला.

दुखणंही कमी झालं. एका दिवसात नाही. आधी रिक्षात सरळ बसता आलं, मग जेवायला पाटावर. पाऊस संपला, थंडी आली, दांड्याला दोन्ही बाजूंना वजनाच्या चकत्या लागल्या आणि ती पूर्ण खाली जायला लागली, ब्रेक लावत. गंधालीने आसनांची परवानगी दिली, पण टोकाला जाऊन लटकायचं नाही, या अटीवर.

मग एके सकाळी मृणालिनीताई म्हणाल्या, आता करून दाखव बघू, आखडलीस की नाही ते कळू दे. सगळ्या चटया सरकवून बसल्या. सुगंधाला राग आला, पण भीतीही होतीच. ती पाय पसरून बसली, वाकली. पोट मांड्यांवर, कपाळ नडगीवर. पूर्वीसारखंच. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग ती उभी राहिली, उजवा पाय सरळ समोर उचलला आणि हाताने अंगठा धरला. हेही तिला आधीपासून यायचं. मात्र पूर्वी अंगठा सोडला की पाय दगडासारखा खाली पडायचा, त्यामुळे ती कधी सोडायचीच नाही. आता तिने सोडला. पाय किंचित खाली आला आणि तिथेच, छातीच्या उंचीला, राहिला. तिलाच ते नवीन होतं. तिने तो बराच वेळ तसाच ठेवला, खाली आणताना सावकाश आणला, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याचा तिला फार संताप आला.

"पण तुझा चेहरा उतरलाय," मृणालिनीताई म्हणाल्या.

सुगंधाने ठरवलं की वर्गात वजनं आणायची. इथे हॉलचे सेक्रेटरी आडवे आले. लाद्या फुटतील, म्हणाले. लाद्या फुटणार नाहीत असं तिने तीनदा समजावलं, मग समजावणं सोडून दिलं. घरातल्या जुन्या जीन्स कापल्या, पाय शिवून पिशव्या केल्या, त्यांत वाळू भरली. काही लहान, काही जड. वाळूच्या पिशव्यांवर सेक्रेटरींकडे नियम नव्हता. आठवड्यातून दोन दिवस बायका त्या घेऊन उठबस करायच्या, वाकायच्या, सावकाश खाली, सावकाश वर. कुरकुर प्रत्येकीची. एकीला वाळूचा वास यायचा. एकीच्या मते हे हमालीचं काम होतं आणि त्यासाठी कुणी योगाला येत नाही. मृणालिनीताई तर पिशवीला हातच लावायला तयार नव्हत्या. त्या मागे खुर्चीवर बसून बाकीच्यांच्या चुका सांगायच्या.

सुगंधाने त्यांना एकदाच सांगितलं. "ताई, उद्या घरात एकट्या असताना खाली पडलात तर मी सांगितलेला प्राणायाम तुम्हाला उठवणार नाही. पाय उठवतील."

मृणालिनीताईंना हे लागलं. आठवडाभर त्या आल्याच नाहीत. सुगंधाला वाटलं, याही गेल्या. पण त्या आल्या, काही न बोलता सगळ्यांत लहान पिशवी उचलली आणि खुर्चीवरून उठबस करायला लागल्या. पहिल्या दिवशी सहज जमेल एवढंच. मग खुर्चीऐवजी बुटकं स्टूल आलं. मग मोठी पिशवी. त्या कंबरेतून वाकायच्या तेव्हा सुगंधा बाजूला उभी राहून प्रीतमचेच शब्द वापरायची, ब्रेक लावा, लटकू नका. तोंडाने मृणालिनीताईंची तक्रार चालूच, पण एकही दिवस चुकला नाही. हॉलमध्ये पंखे पुन्हा फुल स्पीडने फिरायला लागले तेव्हा त्या पाय सरळ ठेवून वाकल्या आणि त्यांचे हात गुडघ्यांच्या खाली, नडग्यांच्या मध्यापर्यंत गेले. मग त्या जमिनीवर बसल्या आणि खुर्चीला हात न लावता उठल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाला वाटलं, सगळ्या वैतागाचं आज चीज झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणाने हसली आणि विचारलं, बघा ताई, कशामुळे झालं?

मृणालिनीताईंनी साडी नीट केली, श्वास जागेवर येऊ दिला.

"अगं, मिहिरने नवीन गादी आणली ना," त्या म्हणाल्या. मिहिर म्हणजे त्यांचा मुलगा. "तिच्यामुळे पाठ एकदम मोकळी झालीये. तूही घे तसलीच. पत्ता देते."

बाकीच्या बायका लगेच गादीची चौकशी करायला लागल्या. कापसाची की फोमची, गरम होते का, घरपोच देतात का. सुगंधाने कोपऱ्यातली सगळ्यांत जड पिशवी उचलून मृणालिनीताईंच्या हातात दिली आणि सांगितलं, आता ही घेऊन उठा. त्या गादीबद्दल बोलता बोलताच खाली बसल्या आणि पिशवीसकट उठल्या.